व्यक्तिरेखा भ्रष्ट झाली असून

मिनाज मुल्ला निर्दोष सुटली. तसा आदेश आहे, आदेशाला जावक क्रमांक आहे, खाली गोल शिक्का आहे आणि शिक्क्याच्या मधोमध तुरीची एक शेंग आहे. कडधान्य प्रतवारी मंडळाच्या इतिहासात इतक्या लवकर कुणी निर्दोष सुटलं नव्हतं. आधीचे सगळे एकतर निवृत्त झाल्यावर सुटले, नाहीतर वारल्यावर. एवढं सांगून झालं, आता हे विसरायचं. कारण असं काही झालेलंच नाही. निदान मिनाजच्या लेखी तरी नाही, आणि गोष्ट तिची असल्यामुळं तिच्या बाजूनं धरून चालणं भाग आहे. तर आदेश निघालेला नाही, कुणी सुटलेलं नाही, आणि त्या मंगळवारी सकाळी धाराशिवच्या शाखेत येऊन तिनं संगणक चालू केला तेव्हा सुटायला तिच्यावर दोष असा काही नव्हताच.

होती ती एक चौकट. पडद्याच्या मधोमध, पांढरी, सभ्य, पासवर्ड विचारणारी. मिनाजनं पासवर्ड टाकला. चौकट गेली. तिनं डबा खालच्या खणात ठेवला, ओढणी सारखी केली, वर बघितलं तर चौकट परत हजर. परत टाकला, परत गेली, परत आली. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. सास्तूरच्या पारावर बसणारे म्हातारे असेच विचारायचे. ती शाळेतून येताना एखादा काठी आडवी धरायचा: "कुणाची गं तू?" "मुल्लाची." "कंच्या मुल्लाची?" "महेबूब मुल्लाची." म्हातारा मान डोलवायचा, तंबाखू मळून तोंडात टाकायचा आणि खरा प्रश्न काढायचा: "जुन्या गावात घर कुठं हुतं तुमचं?" आता जुनं गाव भूकंपात गेलं तेव्हा मिनाजचा जन्म व्हायचा होता. तिनं पाहिलेलं गाव म्हणजे नवं गाव, फूटपट्टी ठेवून आखलेल्या गल्ल्या, घरांवर काळ्या रंगात नंबर. पण नंबर सांगून म्हाताऱ्याचं समाधान व्हायचं नाही. म्हणून अब्बांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं: मशिदीच्या पाठीमागं, चिंचेच्या अंगाला, दारात उखळ. हे म्हटलं की काठी बाजूला व्हायची. आयुष्यातला तिचा पहिला पासवर्ड तो. न पाहिलेल्या घराचा. तो कधी चुकला नाही. आणि आता स्वतः ठरवलेला, मोठं अक्षर, आकडा आणि चांदणीसकटचा पासवर्ड ही चौकट घेत नव्हती.

झालं होतं असं, की शनिवारी मुख्यालयानं शाखेचा मेलचा पत्ता बदलला होता. जिल्ह्याचं नाव बदलून बरेच दिवस झाले होते; पाटी बदलली, शिक्के बदलले, लेटरहेडांचा जुना गठ्ठा पाठकोरा म्हणून वापरून संपला. पत्ता मात्र जुन्या नावानं चालला होता, तो कुणाला तरी शनिवारी आठवला. माणसांचं अशात काही अडत नाही. अब्बा उस्मानाबाद म्हणतात, कंडक्टर धाराशिव म्हणून ओरडतो, आणि दोघंही एकाच स्टँडवर उतरतात. सॉफ्टवेअर मात्र जुन्या दारावर जाऊन थाप मारत होतं, आत कुणी नाही म्हणून परत येऊन मिनाजला विचारत होतं, की बाई, तुम्ही नक्की तुम्हीच का?

तिनं पंचाक्षरीला फोन लावला. पंचाक्षरीचं उमरग्याला हायवेवर दुकान. संगणक, इन्व्हर्टर आणि ट्रकमधले टेप तो सारख्याच भक्तिभावानं उघडायचा, आणि मंडळाच्या संगणकांचं कंत्राटही त्याच्याकडंच होतं.

"बंद करून चालू केला का म्याडम?"

"केला."

"आता सेफ मोडमदी उघडा. कंट्रोलचं बटण दाबून धरा, सोडू नका, आन् मेलच्या चित्रावर टिचका मारा. काय म्हणतंय?"

"म्हणतंय, नेहमीचे फोल्डर उघडता येत नाहीत. प्रोफाइल तपासा."

"हां." पंचाक्षरीच्या पाठीमागून एक ट्रक लांबलचक हॉर्न देत हैदराबादकडं गेला, तो जाईपर्यंत निदान थांबलं. "प्रोफाइल करप्ट झालंय बगा तुमचं. पासवर्डचा काय दोष न्हाय. तुमी जल्मभर टाकत बसलात तरी ते काय घ्यायचं न्हाय."

"मग?"

"मग काय, जुनं राहूद्या तसंच. नवीन बनवा. कंट्रोल पॅनलमदी जावा, मेल म्हणून हाय, शो प्रोफाइल, ॲड. नाव टाका, नवा पत्ता टाका, खाली 'नेहमी हेच वापरा' म्हणून हाय तिथं ठिपका द्या. पाच मिंटाचं काम."

"जुने मेल जातील ना पण?"

"ते सर्व्हरवर हायत की. मेल काय पळून जात्यात व्हय? उतरत्याल समदे नव्यात."

पाच मिनिटांचं काम होतं. पण शाखेत भिंतीवर एक सूचना होती, की शाखाधिकाऱ्यांच्या अनुमतीशिवाय संगणकात काहीही नवे निर्माण करू नये. मिनाज परिवीक्षेवर होती. म्हणजे नोकरी लागलेली होती पण चिकटलेली नव्हती, आणि कायम होण्याचा कागद मुख्यालयातून कुठल्याही दिवशी निघायचा होता. अशा दिवसांत माणूस भिंतीवरच्या सूचना वाचतो. तिनं एका ओळीचा अर्ज लिहिला, की माझे ईमेल प्रोफाइल करप्ट झाले असल्याने नवीन प्रोफाइल तयार करण्यास परवानगी मिळावी, आणि आण्णासाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आण्णासाहेब शाखाधिकारी. मृदू माणूस, आवाज चढवायचा तरी आधी चष्मा काढून पुसणारा. कार्यालयीन कामकाजात शुद्ध मराठीचा वापर केल्याबद्दल मुख्यालयानं त्यांना एकदा शाल दिली होती, आणि त्या दिवसापासून शाखेत इंग्रजी शब्दाला थारा उरला नव्हता. ईमेलचं विपत्र झालं होतं, पासवर्डचा परवलीचा शब्द, प्रिंटरचा मुद्रक. शिपाई उमाबाई त्यांना "साहेब, मुद्रकाला जुलाब लागल्यात, शाई गळतीया" असं सांगायची, तेव्हा त्यांना भरून यायचं. त्यांनी मिनाजचा अर्ज घेतला आणि लाल पेनचं टोपण काढलं.

"प्रोफाइल," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर लिंबाखाली कुणाची तरी मोटारसायकल होती. "व्यक्तिरेखा," ते म्हणाले.

"साहेब, ते कथेत असतं."

"कुठंही असू दे, मराठी आहे. आता हे करप्ट." यावर त्यांना खिडकीची गरज पडली नाही. "भ्रष्ट."

"'बिघडलं' चाललं असतं साहेब."

"बिघडतं ते दूध, मुल्ला. अर्ज आहे हा."

मग त्यांनी पेन चालवला आणि मिनाजनं ते सगळं पाठकोऱ्यावर उतरवून घेऊन टाइप केलं, अर्थात शेजारच्या संगणकावर: "माझी व्यक्तिरेखा भ्रष्ट झाली असून त्यामुळे मला कार्यालयीन विपत्रात प्रवेश नाकारण्यात येत आहे. तरी जुनी व्यक्तिरेखा बाजूस सारून नवी व्यक्तिरेखा धारण करण्यास अनुमती मिळावी." वाचल्यावर तिच्या पोटातून हसू आलं, ते तिनं खोकल्यात काढलं. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. वाक्य चांगलं होतं. त्यात काही हलत नव्हतं, प्रत्येक शब्द आपल्या जागी पाय रोवून उभा होता. किती तरी दिवसांत आपल्या हातून असं वाक्य गेलं नाही असं तिला वाटलं, आणि ज्या समाधानानं लोक लग्नाच्या नोंदवहीत सही करतात, त्या समाधानानं तिनं खाली सही केली. आण्णासाहेबांनी अनुमती दिली नाही. ते स्वतः अनुमती कधीच देत नसत. ते वर पाठवत. अर्ज वर गेला.

वर काय झालं हे नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आवकच्या कारकुनानं कागद हातात घेतला, 'भ्रष्ट' एवढं वाचलं आणि कागद दक्षता शाखेच्या ट्रेमध्ये टाकला. दक्षता शाखा म्हणजे एक खोली, एक कूलर आणि दोन माणसं, ज्यांना कर्मचाऱ्यांचा भ्रष्टपणा शोधण्यात आजवर कधीच यश आलं नव्हतं. त्यांच्यासमोर आता एक कर्मचारी स्वतः सहीनिशी सांगत होता, की माझी व्यक्तिरेखा भ्रष्ट झाली आहे, मला जुनी टाकून नवी धारण करायची आहे. त्या खोलीत म्हणे चहा मागवण्यात आला. मग फोन आला, आण्णासाहेबांनी तो उभं राहून घेतला, आणि ठेवल्यावर बराच वेळ बसायचं विसरून गेले.

"मुल्ला, तुमच्यावर चौकशी लागलीय."

"कशाबद्दल?"

"कारणे दाखवा नोटीस तुमच्या विपत्रावर पाठवलीय म्हणाले. उत्तरही त्याच विपत्रावरून गेलं पाहिजे. नाही गेलं तर आरोप मान्य."

"साहेब, विपत्र उघडत नाही."

"का?"

"व्यक्तिरेखा भ्रष्ट आहे."

"हळू बोला हो," आण्णासाहेब म्हणाले आणि दाराकडं बघितलं. दारात उमाबाई कपबशा घेऊन उभी होती. दुपारपर्यंत मिनाजच्या संगणकाच्या चालू करायच्या बटणावर तपकिरी चिकटपट्टीची फुली आली आणि त्यावर आण्णासाहेबांच्या अक्षरात 'पुरावा' हा शब्द. जुनं प्रोफाइल तसंच, नवं करायचं नाही. कारण नवं करायचं की नाही याचीच चौकशी चालू होती.

त्या दिवसापासून तिचं काम म्हणजे नुसती प्रतवारी राहिलं. पांढऱ्या ताटात तुरीचा नमुना ओतायचा आणि चिमट्यानं वेगळा करायचा: किडलेला, फुटका, सुरकुतलेला, काडीकचरा, इतर धान्य. इतर धान्य म्हणजे तुरीत आलेला हरभरा किंवा मूग. त्याच्यात खोट काही नसते, तो चांगला टणक, गोल, चकचकीत असतो, पण तुरीच्या ताटात त्याला वेगळा रकाना. चिमटा चालताना डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्यात तो शब्द गिरमिटासारखा फिरायचा. भ्रष्ट. तो तोंडात धरला की 'भ्र' ओठांवर फुटायचा आणि 'ष्ट' टाळूवर आपटायचा, कच्ची तूर चावल्यासारखा, आणि नंतर जिभेवर तुरट काहीतरी राहायचं. स्टँडवर उभी राहिली की वाटायचं, ओढणीच्या पाठीवर तो छापलेला आहे आणि मागचा माणूस वाचतोय. मागचा माणूस बहुतेक वेळा मोबाइलवर कुस्ती बघत असायचा. उमाबाईनं सरळ विचारलं, एवढाच काय तो दिलासा: "म्याडम, तुमी खाल्लं तरी काय? हितं तुरीच्या नमुन्याबिगर खायाला हाय का काय?"

"मी काही खाल्लं नाही उमाबाई."

"तेच म्हन्ते म्या. खाणाराचं अंग दिसतंय की. तुमी तर लई वाळल्यात."

मग अब्बांचा फोन आला. अब्बा एरवी मराठीत आणि दखनीत अशी ये-जा करायचे, की उंबरा कुठं ओलांडला ते कळू नये. पण त्या दिवशी एका शब्दाशी अडून राहिले, कारण त्या शब्दाला त्यांच्याकडं दखनी नव्हतं. उमरग्याच्या एका घरातून मिनाजला विचारणा झाली होती. मुलगा तौफिक, दवाखान्यात कंपाउंडर. त्या घरापर्यंत काहीतरी पोचलं होतं, आणि पोचताना त्यातलं ऑफिस, विपत्र, चौकशी सगळं वाटेत गळून दोनच शब्द उरले होते.

"बेटा, वो लोगां पूछ रहे," अब्बा म्हणाले आणि थांबले. मागं अम्मीनं नळ बंद केल्याचं ऐकू आलं. "पोरीचं काय भ्रष्ट झालंय म्हणून."

"प्रोफाइल, अब्बा."

"मशीन का ना? तेरा तो नहीं ना?"

एका 'हो'नं भागलं असतं. मशीनचं, अब्बा, म्हटलं असतं की अम्मीनं नळ परत सोडला असता. पण मिनाजला एकदम त्या दोन पर्यायांचाच राग आला, जसं काही मशीनच्या माथी ते मारलं की आपण धुतल्यासारखे. "मेराच है," ती म्हणाली. "मेरे नाम का है ना अब्बा, तो मेराच. बिगडा तो भी मेराच." अब्बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ठीक है, मैं उनको बोलता, लडकी का अंग्रेजी कुछ तो बिगडा है. आणि हसले. ते हसले म्हणून ती रडली, पण फोन ठेवल्यावर.

आण्णासाहेबांना झोप लागत नसावी. एका सकाळी ते खुर्ची ओढून तिच्या ताटासमोर येऊन बसले आणि तुरीचा एक दाणा बोटानं इकडून तिकडं करत राहिले. "एक मार्ग आहे," ते म्हणाले. "तुम्ही लिहून द्या, की मराठी माझी मातृभाषा नसल्यामुळं अनवधानानं चुकीचा शब्द गेला. मी शिफारस करतो. मिटून जाईल. कायमचा कागदही अडणार नाही."

"साहेब, शब्द तुमचा होता."

"शब्द माझा, सही तुमची." हे ते दुष्टपणानं म्हणाले नाहीत. नियम सांगावा तसं म्हणाले.

"मग सहीपुरतं मी बोलते. वाक्य बरोबर आहे."

"अहो, बरोबर काय आहे त्यात?"

"सगळं. कर्ता बरोबर आहे, क्रियापद बरोबर आहे, 'असून'नंतर वाक्य कुठं लंगडत नाही. ज्याला नीट वाचता येत नाही त्याच्यावर चौकशी लावा."

"किती सुंदर मराठी आहे हो तुमचं," आण्णासाहेब मनापासून, अगदी हळवे होऊन म्हणाले, "त्यातून हे असं व्हावं!"

इथं मिनाजचा चिमटा थांबला. हे वाक्य तिनं इतक्या तोंडांतून ऐकलं होतं, की आता ते कुणाचंच राहिलं नव्हतं. खोली देताना घरमालकीण म्हणाली होती. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं नाव विचारलं, ऐकलं, आणि म्हणाली होती. मुलाखतीच्या मंडळानं तर एकमेकांकडं बघून, मुलानं सायकल चालवून दाखवल्यासारखं कौतुक केलं होतं. आणि सगळ्यात आधी शाळेत. शिवप्पा सर मराठीला होते आणि दर वर्षी एकच निबंध घालायचे, 'मी पाहिलेला भूकंप'. वर्गात भूकंप पाहिलेलं एकही पोर नव्हतं. सगळी नंतर जन्मलेली. तरी सगळी लिहायची, गणपती विसर्जन करून झोपलेलं गाव, पहाटेचा आवाज, धुरळा. आणि सर खाली शेरा मारायचे, 'अनुभव जिवंत आहे.' मिनाजनं लिहिलं होतं, की मी भूकंप पाहिलेला नाही, पण आमच्या घरी अजून कुणी दाराला आतून कडी लावत नाही. तिला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं, तिच्याकडं बघितलं, परत चिठ्ठीकडं बघितलं, आणि माइकवर म्हणाले, "मुल्लांची मुलगी आणि मराठीत पहिली! वा, वा, वा!" टाळ्या वाजल्या. अब्बांनीही वाजवल्या, पुढच्या रांगेत बसून, सगळ्यांपेक्षा जोरात. तिला तेव्हा त्या 'आणि'चं काय करावं ते कळलं नव्हतं. ते 'आणि' तिनं घरी नेलं, कपाटात ठेवलं, कॉलेजात नेलं, या खोलीपर्यंत आणलं. भूकंपानंतर नव्या गावात जन्मलेल्या पोरीला जुन्या घराचा पत्ता विचारायचे ते म्हातारे निदान पाठ केलेल्या उत्तरावर खूश व्हायचे. इथं पाठ येत होतं हीच आश्चर्याची गोष्ट होती.

"नाही लिहून देणार," ती म्हणाली. "पैसे खाल्ले म्हणून लिहून देईन एक वेळ. मराठी येत नाही म्हणून नाही."

आण्णासाहेब दचकून उठले, दाणा ताटात पडला, कुठल्या रकान्यातला होता ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढच्या दुपारी आण्णासाहेब जिल्ह्याच्या कसल्याशा बैठकीला गेले. मिनाजनं चिमटा खाली ठेवला आणि चिकटपट्टीच्या कडेत नख घातलं. 'पुरावा' एका झटक्यात निघाला, मागं थोडा चिकटा राहिला. उमाबाई फडकं घेऊन दारातच होती; तिनं बघितलं, आत आली, आणि चिकटा फडक्यानं पुसून टाकला. "धूळ लई बसती हितं," असं म्हणून ती बाहेर जाऊन दाराशी झाडू घेऊन बसली.

संगणकानं सुरू व्हायला त्याचा वेळ घेतला. चौकट आली, कुणाची गं तू म्हणाली. मिनाजनं तिला उत्तरच दिलं नाही. रद्द. कंट्रोल पॅनल, मेल, शो प्रोफाइल. एका पांढऱ्या यादीत एकच नाव होतं, जिल्ह्याचं जुनं नाव, तिच्या आधीच्या कुणीतरी कधीतरी ठेवलेलं. ते काढून टाकायचं बटण शेजारीच होतं. तिनं ते दाबलं नाही. ॲड म्हटलं. प्रोफाइलचं नाव काय, असं त्यानं विचारलं, आणि बोटं कीबोर्डवर थांबली. आजवर तिला कुणी असं मोकळं विचारलं नव्हतं. सगळीकडं नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न तयार असायचा. तिनं मराठीतून लिहिलं: मिनाज महेबूब मुल्ला. त्यानं काही आश्चर्य दाखवलं नाही. नवा पत्ता घेतला, पासवर्ड घेतला, तोच, चांदणीवाला, जो इतके दिवस बरोबरच होता. तीन हिरव्या खुणा आल्या. 'नेहमी हेच वापरा.' तिनं ठिपका इतक्या जोरानं दिला, की माउस टेबलावर वाजला.

मग मेल उतरायला लागले. पंचाक्षरी म्हणाला तसे, समदे. खालून वर, एकावर एक: तुरीच्या हमीच्या दराचं परिपत्रक, कुणाच्या तरी निवृत्तीचा निरोप समारंभ, आणि मग नोटीस. मग नोटिशीचं स्मरणपत्र. मग 'आपण चौकशीस सहकार्य करीत नसल्याबाबत.' मग एक मेल आण्णासाहेबांकडून मुख्यालयाला, प्रत माहितीस्तव तिला: 'सदर कर्मचारी महिलेच्या वतीने निवेदन सादर करण्यात येते.' आणि सगळ्यांच्या वर, आजच्याच सकाळचा, ठळक अक्षरात, आदेश. तिच्यावर चौकशी बसली, चालली, तिनं सहकार्य नाकारलं, तिची बाजू मांडली गेली, निकाल लागला, आणि हे सगळं ती शेजारी बसून तूर निवडत असताना. तिनं आदेश वाचला. "शाखाधिकाऱ्यांच्या निवेदनानुसार सदर कर्मचाऱ्याची मातृभाषा मराठी नसल्याने, भाषेच्या अज्ञानातून सदर शब्दप्रयोग घडल्याचे दिसून येते. सबब त्यांना निर्दोष ठरविण्यात येत असून, मराठी भाषेची निम्नस्तर परीक्षा उत्तीर्ण होण्याच्या अटीवर सेवेत कायम करण्यात येत आहे. सात दिवसांत पोच न दिल्यास हा आदेश रद्द समजून चौकशी पुन्हा सुरू करण्यात येईल." खाली शिक्का, शिक्क्यात शेंग.

कायम. शब्द तिथं होता, तीन अक्षरांचा, घरी फोन करून सांगण्याजोगा. तौफिकच्या घरी कळवण्याजोगा. पोच द्यायला एकच बटण दाबायचं होतं, निळं, बाणासारखं. तिला वाटलं होतं राग येईल. राग नाही आला. अंगात एक थंड, स्वच्छ काहीतरी पसरत गेलं, कडक उन्हातून आल्यावर रांजणातलं पाणी छातीत उतरतं तसं. म्हणजे पैसे खाल्ले नाहीत हे त्यांना पटलं होतं. बदफैली नाही हेही पटलं असावं. फक्त तिनं आपलं वाक्य समजून लिहिलं असेल, एवढं एक कुणाला पटलं नव्हतं. तिनं निळ्या बटणाला हात लावला नाही. 'उत्तर द्या' दाबलं.

आण्णासाहेब परतले तेव्हा ती टाइप करत होती. त्यांनी निघालेली चिकटपट्टी बघितली, पडदा बघितला, आणि टोपी काढून हातात घेतली. "वाचलात तुम्ही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि त्या आनंदाची त्यांना भीतीही वाटत होती. "मुल्ला, मी तुमच्या भल्यासाठी केलं."

"माहीत आहे साहेब. म्हणून तुमचं नाव नाही घातलं."

"कशात?"

"उत्तरात. पोच देत नाहीये मी. चौकशी परत सुरू करा म्हणतेय. या वेळी मी हजर राहीन."

"अहो, कायम झालात तुम्ही! वेड लागलंय का? परीक्षा निम्नस्तर आहे, चौथीचं पोर पास होईल!"

"तेच तर."

ते तिच्या खांद्यामागं येऊन उभे राहिले. वाचायला लागले तसा त्यांचा श्वास बदलत गेला. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला, पण आवाज चढवला नाही. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा हात आपसूक खिशाकडं, लाल पेनकडं गेला आणि तिथंच राहिला. दारातून उमाबाई म्हणाली, "साहेब, च्या ठेवू का?"

"'सादर करावा' नको," आण्णासाहेब अखेर हळूच म्हणाले, चोरी सांगावी तसं. "'सादर करण्यात यावा' लिहा. जोर येतो."

मिनाजनं दुरुस्ती केली. जोर आला. मग तिनं ते पाठवलं, आणि ते असं होतं:

"प्रति, मा. दक्षता अधिकारी, कडधान्य प्रतवारी मंडळ, मुख्यालय. विषय: निर्दोष ठरविल्याबाबत हरकत. महोदय, आपला आदेश मिळाला, समजला, आणि समजला म्हणूनच नाकारण्यात येत आहे. माझी व्यक्तिरेखा भ्रष्ट झाली होती, हे विधान मी पूर्ण शुद्धीत व पूर्ण शुद्धलेखनात केलेले असून त्यावर मी ठाम आहे. माझी पूर्वीची व्यक्तिरेखा यादीत तशीच ठेवण्यात आली आहे. नवी मी आपल्या अनुमतीशिवाय धारण केली आहे. त्याबद्दल स्वतंत्र चौकशी लावण्यास माझी हरकत नाही. तरी महोदयांना विनंती की, मंडळाकडून 'भ्रष्ट' या शब्दाचा मंडळास ठाऊक असलेला अर्थ स्वानुभवातील किमान तीन उदाहरणांसह, सुवाच्य अक्षरात, कुणाचीही मदत न घेता लिहून, सात दिवसांचे आत तपासणीसाठी माझ्याकडे सादर करण्यात यावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचे गुण कापले जातील. आपली विश्वासू, मिनाज महेबूब मुल्ला."